वाकलेली मान सरळ करू नका

समजा, चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एखाद्या गावात पन्नाशीचा एक शेतकरी आहे. वीस-पंचवीस वर्षांपासून त्याची कंबर आणि पाठ आखडलेली. गेल्या दहा वर्षांत मानही पुढे वाकली आणि तशीच थिजून गेली. समोरच्याचे तोंड पाहायचे तर त्याला गुडघे वाकवून अख्खे अंग मागे झुकवावे लागते. श्रावणातल्या एका सकाळी गोठ्याकडे जाताना ओल्या अंगणात त्याचा पाय घसरतो आणि तो तोंडावर पडतो. कपाळाला खरचटते. तो उठतो, अंगावरची माती झटकतो, चहा घेतो. मान दुखते; पण मान तर रोजचीच दुखते. ‘काई नाई झालं, पाय घसरला फक्त,’ असे सांगून तो शेतात जातो. दुसऱ्या दिवशी हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. तिसऱ्या दिवशी पहाटे लघवीला उठायला जातो, तर पाय हलत नाहीत.

हा माणूस कल्पनेतला आहे, घटनाक्रम मात्र कल्पनेतला नाही. तपशील थोडेफार बदलून तो अस्थिरोग विभागांमध्ये येत राहतो. कधी घसरलेल्या पायाऐवजी रस्त्यावर न दिसलेला गतिरोधक असतो, कधी सावंगा विठोबाच्या यात्रेतल्यासारख्या गर्दीतला धक्का, कधी बंडीवरून उतरताना चुकलेले पाऊल. पडणे इतके किरकोळ असते की कोणाला त्याची तारीखही आठवत नाही. आणि ज्याला ते आठवते, त्यालाही एवढ्याशा पडण्याने लकवा येऊ शकतो हे पटत नाही.

जमिनीवर आपटलेली ती मान साध्या माणसाची मान नव्हती, हे इथले खरे कारण. त्या माणसाला ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस होता. नाव जिभेला जड आहे, पण ‘ॲन्किलोझिंग’ म्हणजे सांधा जखडून टाकणारा आणि ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणजे मणक्यांचा दाह, एवढे लक्षात ठेवले की पुरे. हा संधिवाताचाच एक प्रकार आहे. त्याची सुरुवात बहुधा विशीत-तिशीत, कमरेच्या खाली जिथे पाठीचा कणा खुब्याच्या हाडांना मिळतो त्या सांध्यांत होते. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर आणि हाडांना चिकटलेल्या स्नायुबंधांवर उलटते. दाह होतो, निवळतो, पुन्हा होतो. आणि प्रत्येक खेपेला शरीर त्या जागी थोडे नवे हाड भरत जाते. काही रुग्णांमध्ये वर्षानुवर्षे हे चालू राहिले की मणक्यामणक्यांमध्ये हाडाचे पूल तयार होतात आणि वेगवेगळे असलेले मणके मिळून एक अखंड दांडा होतो. पुरुषांमध्ये हे जास्त दिसते. स्त्रियांमध्येही हा आजार असतोच, पण तो ओळखला जायला आणखी उशीर होतो.

आजार जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर या आयरिश डॉक्टरने फ्रान्समध्ये सापडलेल्या एका सांगाड्याचे वर्णन लिहून ठेवले. त्यात मणके, फासळ्या आणि कमरेचे हाड हे सगळे एकमेकांत मिसळून एकच हाड झाले होते. १८९० च्या दशकात रशियात बेख्तेरेव्ह, जर्मनीत स्ट्रम्पेल आणि फ्रान्समध्ये मारी यांनी जिवंत रुग्णांमधले त्याचे रूप नोंदवले. १९७३ मध्ये एचएलए-बी २७ या आनुवंशिक खुणेशी त्याचे नाते सापडले. बहुतेक रुग्णांमध्ये ही खूण असते; मात्र खूण असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही, शंभरातल्या जेमतेम पाचांना होतो. म्हणून ‘बी २७ पॉझिटिव्ह’ एवढ्या कागदावर कोणी आयुष्य संपल्यासारखे वागू नये. २००८ मध्ये बॉनला विश्वनाथन आनंदने ज्याला हरवून जगज्जेतेपद राखले, तो व्लादिमिर क्रॅमनिक याच आजाराचा रुग्ण. उपचारांसाठी त्याला मध्यंतरी स्पर्धांतून रजा घ्यावी लागली होती. तो परतला आणि पुन्हा अव्वल दर्जाचे बुद्धिबळ खेळला.

बांबू नव्हे, खडू

एक्स-रेमध्ये असा जोडलेला कणा गाठी-गाठींचा दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला ‘बांबू स्पाइन’ म्हणतात. नाव फसवे आहे. बांबू वाकतो, वाऱ्याला जागा देतो. हा कणा वाकत नाही, मोडतो. आणि मोडतो तो फळ्यावर लिहायच्या खडूसारखा, आरपार.

निरोगी पाठीचा कणा सायकलच्या साखळीसारखा असतो. त्यात मणके आहेत, मधल्या गाद्या आहेत, मागचे छोटे सांधे आहेत, या सगळ्यांना बांधणारे लवचीक पट्टे आहेत. माणूस पडला की त्या धक्क्याची वाटणी होते. प्रत्येक जोड थोडा थोडा भार घेतो. जखडलेल्या कण्यात ही वाटणी होत नाही. गादीचे हाड झालेले, पट्ट्यांचे हाड झालेले. डोके जमिनीवर आपटले की सगळा जोर लांब काठीच्या टोकावर यावा तसा एकाच जागी येतो. ही जागा बहुतेक वेळा मानेच्या खालच्या भागात, पाचव्या ते सातव्या मणक्याच्या आसपास असते; कारण जड डोके आणि जखडलेली छाती यांच्यामधला तोच भाग सर्वांत ताणला जातो.

त्यात दुसरी विसंगती अशी की, नको तिथे हाड वाढत असताना आतले मूळ हाड मात्र विरळ होत जाते. दाह हाड खातो. हालचाल कमी झाली की ते आणखी पोकळ होते. हाडांची घनता मोजणारी तपासणी अशा रुग्णाच्या पाठीवर केली तर बाहेरच्या पुलांमुळे आकडा छान येतो आणि सगळ्यांची दिशाभूल होते. खुब्याच्या ठिकाणी मोजले तर खरे चित्र कळते.

साध्या माणसाचा मणका दबला तरी आजूबाजूचे पट्टे अनेकदा शाबूत राहतात आणि तुकड्यांना जागेवर धरून ठेवतात. इथे धरून ठेवायला काहीच उरत नाही. मांडीचे हाड मोडल्यावर जशी दोन टोके एकमेकांवर सरकतात, तसे कण्याचे दोन भाग सरकतात. त्यांच्या मधोमध, करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू असतो. मेंदूचा हात-पायांना जाणारा आणि त्वचेकडून मेंदूकडे येणारा सगळा निरोप त्यातूनच जातो. शिवाय मोडलेल्या हाडातून कण्याच्या आत रक्तस्राव होऊन गुठळी साचू शकते. ती हळूहळू वाढते. सुरुवातीला चालता-बोलता असलेला माणूस काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी लुळा पडतो, त्यामागे हे सरकणे किंवा ही गुठळी असते.

फिनलंडमधल्या पाहणीत या रुग्णांमध्ये मज्जारज्जूला इजा होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा सुमारे ११ पट आढळले होते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये जगभरच्या वैद्यकीय साहित्यातून अशा अस्थिभंगांच्या ३४५ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. सुमारे दोन तृतीयांश रुग्ण किरकोळ पडण्याने जायबंदी झाले होते. दर पाचातल्या चौघांची मान मोडली होती. रुग्णालयात पोचले तेव्हा दोन तृतीयांश लोकांच्या हात-पायांतली ताकद किंवा संवेदना कमी झालेली होती. दर सहांतल्या एकाचे निदान उशिरा झाले. आणि जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात रुग्ण तीन महिन्यांच्या आत दगावले. उशिरा झालेल्या निदानाचा आकडा सर्वांत बोचणारा आहे, कारण तो आपल्या हातातला आहे.

पहिला तास

अपघातात माणूस पडला की त्याला सपाट फळीवर उताणे झोपवायचे, मानेला कडक पट्टा लावायचा, हे प्रथमोपचाराच्या प्रत्येक वर्गात शिकवले जाते. शिकवणूक योग्यच आहे, पण ती सरळ मानेच्या माणसासाठी आहे. ज्याची मान कित्येक वर्षे पुढे वाकून हाडाने जोडली गेली आहे, त्याला सपाट फळीवर झोपवले की त्याचे डोके अधांतरी राहते. मग कोणीतरी भल्या बुद्धीने ते खाली दाबते, किंवा डोक्याच्या वजनानेच ते मागे जाते. मोडलेल्या जागी फट उघडते आणि तोवर वाचलेला मज्जारज्जू चेचला जातो. कडक पट्टाही असेच करतो: तो मापाप्रमाणे मान ‘सरळ’ करायला बघतो. पडताना झाले नव्हते ते नुकसान असे उचलताना होते.

म्हणून या रुग्णांच्या बाबतीत नियम एकच, आणि तो घरच्यांनी पाठ करून ठेवावा. मान पडण्यापूर्वी जशी होती, तशीच ठेवायची. वाकडी होती तर वाकडी. डोक्याखाली आणि खांद्यांखाली उशा, घडी केलेल्या गोधड्या, चादरी, जे हाती लागेल ते भरून ती पोकळी भरून काढायची. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले कपडे लावून ते डुलणार नाही असे करायचे. हलवायचे असेल तर चार-पाच जणांनी मिळून, एकाने फक्त डोके सांभाळून, अख्खे अंग ओंडक्यासारखे एकदम वळवायचे. पाणी पाजू नये, उठवून बसवू नये. दोघांनी बगलेत धरून मोटारसायकलवर मधे बसवून नेणे तर कधीच नाही, मग गाव कितीही आत असो. १०८ ला फोन करावा, आणि गाडी आल्यावर आतल्या डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगावे: ‘यांची मान आधीपासूनच अशी वाकलेली आहे.’

गावात पडलेल्या माणसाची मान चोळून देणारे, झटका देऊन ‘बसवणारे’ लोक असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण जखडलेल्या मानेला दिलेला झटका हा थेट मज्जारज्जूला दिलेला झटका आहे. अस्थिभंग झालेला नसला तरी तो या झटक्याने होऊ शकतो. हेच कटिंगच्या दुकानातल्या मान ‘कडकडवण्या’लाही लागू आहे.

आणखी एक खूण फार थोड्यांना माहीत असते. कधी कधी पडल्यानंतर घरच्यांना वाटते, बाबांची मान आता बरी दिसते. वर्षानुवर्षे छातीकडे झुकलेली हनुवटी वर आली आहे, बाबा सरळ समोर बघताहेत! जोडलेले हाड आपोआप सरळ होत नाही. मान ‘सुधारली’ याचा अर्थ ती मोडली, असाच घ्यायचा. तसेच नव्याने सुरू झालेले किंवा अचानक वाढलेले मान-पाठीचे दुखणे, पडणे आठवत असो वा नसो, तपासणीत दुसरे काही सिद्ध होईपर्यंत अस्थिभंगच समजायचे.

अमरावतीच्या वाटेवर

चांदूर रेल्वेहून अमरावती तीसेक किलोमीटर. तालुक्याच्या ठिकाणी साधा एक्स-रे निघू शकतो, आणि इथेच दुसरा घोळ होतो. वाकलेल्या मानेच्या माणसाचा बाजूने एक्स-रे काढला तर मानेचे खालचे मणके खांद्यांच्या सावलीत लपतात, आणि मोडायची जागा नेमकी तीच. जी दिसतात ती हाडे आधीच पुलांनी विद्रूप झालेली. त्यात केसाएवढी भेग शोधणे अनुभवी डोळ्यालाही अवघड. ‘एक्स-रे नॉर्मल’ हे शब्द या रुग्णाला दिलासा देण्यासाठी पुरेसे नाहीत. सीटी स्कॅन हवा, आणि तोही फक्त दुखऱ्या भागाचा नको. कणा अखंड असल्याने एकाच वेळी दोन ठिकाणी मोडल्याची उदाहरणे आहेत, म्हणून मानेपासून माकडहाडापर्यंत सगळा कणा पाहावा लागतो. हात-पायांत अशक्तपणा असेल किंवा दुखणे समजण्यापलीकडे असेल तर एमआरआय, म्हणजे गुठळी आणि मज्जारज्जूची अवस्था कळते. एमआरआयच्या नळीतही अशा माणसाला सपाट दाबून बसवायचे नसते, उशा लावूनच घ्यायचे असते. हे तंत्रज्ञाला सांगायला नातेवाइकांनी संकोच करू नये.

जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला अमरावतीकर अजूनही इर्विनच म्हणतात, तिथून पुढे मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा एम्स, नाहीतर सेवाग्राम-सावंगी अशा वाटा निघतात. समृद्धी महामार्ग चांदूर रेल्वे आणि धामणगावच्या परिसरातूनच जातो, त्यामुळे नागपूरचा प्रवास आता पूर्वीइतका हाल करणारा राहिलेला नाही. पण गुळगुळीत रस्त्यावरचा प्रवासही मान नीट बांधल्याशिवाय करायचा नसतो. घाई करावी ती निर्णयाची, उचलण्याची नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत असले की निम्मी धावपळ वाचते.

शस्त्रक्रिया सोपी नसते. भूल देणाऱ्या डॉक्टरची परीक्षा आधी लागते. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी एरवी मान मागे वळवतात. इथे ती वळतच नाही आणि वळवली तर घात होतो. म्हणून रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून, लवचीक दुर्बिणीच्या मदतीने नळी सरकवावी लागते. पाठीतून द्यायची भूलही अनेकदा शक्य नसते, कारण सुई जायची वाट हाडाने बंद झालेली असते. नंतर सर्जनचे काम. विरळ हाडात स्क्रू घट्ट बसत नाहीत, त्यामुळे मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली तीन-तीन मणक्यांपर्यंत लांब सळ्या घालून भार वाटून द्यावा लागतो. सुताराला किडक्या लाकडात खिळा ठोकायचा झाला तर तो जे करील, तेच. गुठळी असेल तर काढावी लागते. काही रुग्णांत वय, फुप्फुसे आणि एकूण प्रकृती पाहून शस्त्रक्रियेऐवजी बाहेरून आधार देण्याचा निर्णयही होतो. मज्जारज्जू अर्धवट दुखावला असेल आणि दाब लवकर निघाला तर ताकद बऱ्यापैकी परत येण्याची आशा असते. तो पूर्ण तुटल्यासारखा झाला असेल तर आजच्या घडीला तो जोडणारे औषध नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

मानेत इजा झाली की नुसते पाय जात नाहीत. हातांची पकड जाते, लघवी-शौचाचे नियंत्रण जाते, खोकायची ताकद जाते. या आजारात फासळ्यांचे सांधेही जखडलेले असल्याने छाती आधीच फुगत नसते. श्वास जवळजवळ सगळा पोटाच्या पडद्यावर चालतो. त्यात खोकला दुबळा झाला की कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. या रुग्णांचा जीव बहुधा तिथे जातो, मानेत नव्हे. म्हणून पहिल्या दिवसापासून श्वासाचे व्यायाम, कफ काढून टाकणे, दर दोन तासांनी कूस बदलणे ही कामे औषधांइतकीच मोलाची असतात. ज्या कातडीला दुखणे कळत नाही तिथे एका रात्रीत जखम सुरू होते आणि ती भरायला महिने जातात.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: उन्हाळा. मज्जारज्जूच्या वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला इजेच्या खाली घाम येत नाही, शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या अशा रुग्णाला घराबाहेर न पडताही उष्माघात होऊ शकतो. त्याला ताप आला की लगेच प्रतिजैविके सुरू करण्याआधी खोली किती तापली आहे हेही पाहावे. ओल्या कापडाने अंग पुसणे, कूलर, सावली यांनी जर तो उतरला तर प्रश्न वेगळा होता. अचानक डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, रक्तदाब चढणे ही दुसरी आणीबाणी. तिचे कारण कित्येकदा तुंबलेली लघवी किंवा दुमडलेली नळी एवढे साधे असते. ते दूर केले की रक्तदाब उतरतो. नाही केले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आणि तरीही आयुष्य उरते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, भारतासाठीचे पहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक किशोरवयातच चाकाच्या खुर्चीला खिळल्या आणि पुढे त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. मणक्याच्या इजेनंतरच्या पुनर्वसनाची परंपरा महाराष्ट्रात आहे. खडकीला सैनिकांसाठीचे पॅराप्लेजिक केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अडचण अशी की ही सगळी नावे पश्चिमेकडची आहेत. चांदूर रेल्वेच्या रुग्णाला टाके निघाल्यावर घरी पाठवले जाते, आणि पुनर्वसन म्हणजे काय हे त्याची बायको आणि मुले चुकत-माकत शिकतात. हा दोष कोणा एका डॉक्टरचा नाही, पण तो आहे.

‘गॅप’चा घोळ

मणक्याचे हाड जोडले जाण्याआधीच आजार पकडला तर पुढचे बरेच काही टळू शकते. इथे आपल्याकडे एक शब्द आड येतो. पंचविशीच्या तरुणाने कंबर दुखते म्हटले की कोणीतरी त्याला सांगते, ‘मणक्यात गॅप आहे.’ मग पट्टा, फळीवर झोपणे आणि पूर्ण विश्रांती. या आजाराला विश्रांतीच मानवत नाही. गादी सरकल्याचे दुखणे पडून राहिल्यावर कमी होते आणि वाकल्यावर, वजन उचलल्यावर वाढते. ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे दुखणे उलट वागते: पहाटे तीन-चारला जाग आणते, सकाळी उठल्यावर अर्धा तास, कधी त्याहून अधिक, अंग लाकूड झालेले असते, आणि शेतात दोन फेऱ्या मारल्या, काम सुरू झाले की मोकळे होते. दुखणे चाळिशीच्या आत, नकळत सुरू होऊन तीन महिन्यांहून जास्त टिकते. कधी एका कुल्ल्यात, कधी दुसऱ्यात. काहींची टाच दुखते. काहींचा एक डोळा अचानक लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरने कंबरेची चौकशी केली तर निदान तिथेच होऊन जाते. सुरुवातीची काही वर्षे एक्स-रे स्वच्छ असतो, रक्तातला दाहाचा आकडाही कधी कधी स्वच्छ असतो, म्हणून जगभरच निदानाला पाच-सात वर्षे लागतात. आपल्या भागात मणक्याचा क्षयरोग, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे आखडणारा कणा, हे दोन आजार वेगळे काढावेच लागतात.

उपचारांचा पाया म्हणजे दाह कमी करणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम. गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथे मूत्रपिंडाचे विकार आधीच डोके वर काढतात, तिथे तर मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामके महागात पडतात. गोळ्यांनी भागले नाही तर जैविक इंजेक्शने आहेत. ती खर्चीक असली तरी २०१४ च्या अखेरीपासून देशात बनलेली त्यांची प्रतिरूपे मिळू लागल्याने पूर्वीइतकी आवाक्याबाहेर राहिलेली नाहीत. सुरू करण्यापूर्वी छातीतला छुपा क्षयरोग तपासणे अनिवार्य. विडी-सिगारेट या आजाराला खत घालते, हे सांगूनही ऐकले जात नाही, तरी सांगायला हवे. पोहणे उत्तम, विहिरीत उडी मारणे मात्र नाही.

ज्यांची मान आधीच जखडली आहे त्यांच्यासाठी घर बदलावे लागते, फार नाही, थोडेसे. अशा माणसाला स्वतःच्या पायाखालचे दिसते, चार पावले पुढचे दिसत नाही. न्हाणीत पकडायला दांडी, अंगणात रात्री दिवा, शेवाळलेल्या फरशीवर खरबरीत पाट्या, पायात रबरी तळाची चप्पल. दारू टाळावी, कारण या रुग्णांच्या पडण्यात तिचा वाटा असतो. हरभऱ्याच्या जागलीसाठी मचाणावर चढणे दुसऱ्या कोणावर सोपवावे. चारचाकीत बसताना डोके आणि मागची उशी यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती मऊ कापडाने भरून घ्यावी. मागून गाडी धडकली तर मान त्या पोकळीतच मागे फेकली जाते.

शेवटी दोन कामे, दोन्ही बिनपैशांची. घरातल्या कोणीतरी आजच त्या माणसाचा बाजूने उभा असतानाचा पूर्ण फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. पडल्यावर मान पूर्वी किती वाकलेली होती हे डॉक्टरला दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही. आणि त्याच्या खिशात, आधार कार्डाच्या मागे, मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक चिठ्ठी असावी: ‘मला ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. माझी मान हाडाने जोडली गेली आहे. ती सरळ करू नका. डोक्याखाली उशी द्या. पूर्ण कण्याचा सीटी स्कॅन करा.’ खाली घरच्यांचा फोन नंबर.